जाळ्यात खाल्लेलं

मेल आला तेव्हा सुमेधाच्या चिमट्यात अर्धा जवळा होता. उरलेला अर्धा, शेपटीकडचा, काचेच्या बशीत स्पिरिटमध्ये तरंगत होता आणि दोन्ही मिळून एक धरायचा की दोन, असल्या गहन प्रश्नात ती सकाळपासून तिसऱ्यांदा पडली होती. फोन टेबलावर थरथरला. तिने मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला, चिमटा तसाच अधांतरी धरून डाव्या हाताने फोन जवळ ओढला आणि वाचलं. भारतीय दूतावासाकडून होता. श्री. प्रल्हाद टिपणीस, वय शहात्तर, यांच्यासाठी शनिवारी मुंबईला जाणाऱ्या खास विमानात एक जागा देता येत आहे. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत होकार कळवावा, न कळवल्यास जागा यादीतल्या पुढच्या व्यक्तीला दिली जाईल. हा मेल यावा म्हणून तिने स्वतःच्या हाताने फॉर्म भरला होता, दर सोमवारी फोन करून पलीकडच्या माणसाच्या नाकी नऊ आणले होते. आणि आता तो आला होता. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने फोन पालथा घातला आणि त्याच्यावर हात पुसायचा टॉवेल टाकला. दोन हात अंतरावर तिचे वडील, अंगात तिच्या नवऱ्याचं, यतिनचं, जुनं जॅकेट, जॅकेटवरून शाल, शालीवरून मफलर, अशा थाटात बसून पेन्सिलीला टोक काढत होते. "किती लिहू?" त्यांनी विचारलं. "एक," ती म्हणाली. "एकच लिहा, बाबा."

ऑस्ट्रेलियातल्या टूनगॅबी उपनगरातल्या त्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नव्हती. आधी तिथे लेकीची, नुपूरची, सायकल, यतिनचा कॅम्पिंगचा तंबू आणि फेकवत नाहीत म्हणून ठेवलेली खोकी होती. मार्चमध्ये साथीमुळे सगळं बंद झालं तशी सुमेधाची प्रयोगशाळा तिथे येऊन बसली. तिच्या संस्थेतल्या लोकांनी मायक्रोस्कोप, दोन ट्रे आणि चारशे बारा छोट्या बाटल्या घरी न्यायची परवानगी दिली, आणि प्रत्येक बाटलीत एक पोट होतं. माशाचं पोट, बोटाच्या पेराएवढं, स्पिरिटमध्ये पांढरट पडलेलं. मागच्या दोन उन्हाळ्यांत किनाऱ्यालगतच्या खाड्यांमधून, समुद्रगवताच्या उथळ पाण्यातून ओढजाळ्याने पकडलेली सॅमनची पिल्लं. ही पिल्लं किनाऱ्याजवळ असताना काय खातात, किती खातात, कोणत्या वयात बारीकसारीक सोडून मासे खायला लागतात आणि मग मोठ्या समुद्राकडे निघतात, हे शोधायचं होतं. त्याला एकच रस्ता. पोट उघडायचं, आत असेल ते बशीत पसरायचं, एकेक तुकडा ओळखायचा, मोजायचा, आणि पोट किती भरलेलं होतं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. बावीस वर्षं सुमेधा हेच करत आली होती. पार्टीत कुणी कामाबद्दल विचारलं की यतिन परस्पर सांगून टाकायचा, "ती माशांची ताटं तपासते." लोक हसायचे, तीही हसायची, आणि मग कुणीतरी क्वेकर्स हिलमधल्या घरांच्या किमतींचा विषय काढायचं.

खरं तर इथल्या या सॅमनचं आणि खऱ्या सॅमनचं काडीचंही नातं नाही. बोटीतून उतरलेल्या गोऱ्यांना घरची आठवण येत असणार, समोर एक चंदेरी मासा दिसला, ठेवलं त्याचं नाव. सुमेधाने पहिल्या वर्षी घरी पत्र लिहिलं होतं की मला सॅमनच्या पिल्लांवर काम मिळालंय. बाबांनी ते वाचलं आणि मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात एवढ्या भांडवलावर माहीमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की आमची सुमेधा ऑस्ट्रेलियात रावसाच्या पिल्लांचा अभ्यास करते. आई तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगायची. त्यातही खोटं काय होतं? गोऱ्यांनी आपल्या गावचा मासा आठवला, बाबांनी आपल्या, आणि ज्याला हे सगळं चिकटवलं तो बिचारा तिसराच कुणीतरी. सुमेधाने कधी दुरुस्त केलं नाही. आता पाच महिने बाबा इथे होते, तो मासा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तरी ते म्हणायचे, "काढ पुढचा रावस."

ते जानेवारीत आले होते, तीन महिन्यांसाठी. एप्रिलच्या दोन तारखेचं परतीचं तिकीट होतं. मार्चच्या शेवटी तिकडे विमानं उतरायची बंद झाली, इकडून उडायची बंद झाली, आणि बाबा त्यांच्या दोन बॅगा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि नंदूसाठी घेतलेला मधाचा डबा यांच्यासकट अडकून पडले. नंदू म्हणजे माहीमचे शेजारी, घराची किल्ली त्यांच्याकडे. ते कुंड्यांना पाणी घालत होते आणि रोज फोनवर कुंडीनिहाय अहवाल देत होते. यतिन वेस्टमीडला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तो शिफ्टवरून आला की मागच्या दाराने थेट बाथरूममध्ये जायचा आणि जेवायचाही वरच्या खोलीत, बाबांपासून लांब. नुपूर तिच्या खोलीत ऑनलाइन शाळेत. राहिली सुमेधा आणि बाबा. पहिल्या आठवड्यात ते खुर्ची घेऊन नुसते गॅरेजमध्ये बसायला आले, दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "तू डोळा लावतेस, मग काढतेस, मग लिहितेस, मग परत लावतेस. किती वेळ जातो. तू नुसतं बोल, मी लिहितो." जन्मभर पोर्ट ट्रस्टमध्ये ड्राफ्ट्समन असलेला माणूस. त्यांनी छापील तक्त्याकडे बघून नाक मुरडलं, पट्टीने स्वतःचा तक्ता आखला, आणि त्यांचे ते सरळ उभे, एकसारखे आकडे पुन्हा एकदा सुमेधाच्या आयुष्यात आले. शाळेच्या पुस्तकांच्या कव्हरांवर हेच आकडे असायचे. इयत्ता चौथी, तुकडी ब, हजेरी क्रमांक सत्तावीस. ती तक्त्याकडे बघायची आणि तिला कव्हराच्या खाकी कागदाचा वास यायचा.

लॅटिन नावं त्यांना झेपणार नव्हती आणि झेपवून घ्यायचीही नव्हती. पारदर्शक कोळंबीसारखं असेल तो जवळा, मग शास्त्र त्याला काहीही म्हणो. समुद्रगवतातून पिसवेसारखं उडणारं ते उड्या. डोळ्याला दिसतच नाही, भिंगाखाली ठिपके, तो रवा. खेकड्याची पिल्लं ही खेकड्याची पिल्लं. सुमेधा दिवस संपला की ती सगळी नावं संगणकावर शास्त्रीय भाषेत नेऊन बसवायची. बोटाएवढ्या पिल्लाच्या पोटात रवाच रवा, त्याहून मोठ्याच्या पोटात जवळा आणि उड्या, तळहाताएवढं झालं की पहिल्यांदा एखादा मासा, काचेच्या तारेसारखा कणा राहिलेला. "आता हा घर सोडणार," बाबा म्हणायचे. मध्येच एखादं पोट रिकामं निघायचं. पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं होतं, "उपाशी होता, की खाऊन पचवून बसला होता?" ती म्हणाली, "ते पोटावरून नाही कळत, बाबा." त्यांनी बराच वेळ शून्य लिहिलं नव्हतं.

माहीमला रविवारी सकाळी ते बाजारातून मासे घेऊन यायचे. आई हात लावायची नाही. मासे साफ करणं हे बाबांचं खातं. मोरीत पाट टाकून, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, विळी पायाखाली घेऊन बसायचे आणि हाक मारायचे, "सुमे, ये, ताट बघायला." ती धावत जायची. कापायच्या आधी तिने सांगायचं, आत काय असेल. मांदेली? कोळंबी? चिखल? बरोबर आलं तर पोटातल्या अंड्यांची गाबोळी तिची, चुकलं तर बाबांची. पण ती चुकली तरी गाबोळी तिच्याच ताटात पडायची. रावसाच्या पोटातून एकदा अख्खी, न चावलेली मांदेली निघाली, सोनेरी रंग तसाच. सहा वर्षांची ती ओरडली होती, "तिला परत सोडा ना पाण्यात!" आणि बाबा हसले नव्हते. त्यांनी ती मांदेली वाटीभर पाण्यात ठेवली, दोघं तिच्याकडे बघत बसले, आणि मग ते म्हणाले, "उशीर झाला गं, बाळा." मोरीतली ती ओली फरशी, मिठाचा आणि रक्ताचा मिळून येणारा वास, बाहेर आईने खोवलेल्या नारळाची खरखर. सुमेधाला या सगळ्यासाठी आतापर्यंत डोळे मिटावे लागायचे. एप्रिलपासून नाही. एप्रिलपासून हाक मारणारा माणूस शेजारी बसून होता. तेवीस वर्षांची असताना ती इथे आली. त्यानंतर दर तीन वर्षांनी तीन आठवडे, त्यातला एक आठवडा जेट लॅगमध्ये आणि एक खरेदीत. आई गेली तेव्हा ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं. हिशेब केला तर बावीस वर्षांत तिला बाबा सहा महिनेही मिळाले नव्हते. आणि आता एका दमात पाच. जग मरणाने भरलेलं होतं, यतिन रोज हॉस्पिटलमधून पांढराफटक चेहरा घेऊन येत होता, आणि ती मात्र सुखात होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सुख होतं, फक्त बाबा जेवत नव्हते. सुरुवातीला जेवत होते. एप्रिलची दोन तारीख गेली आणि कमी झालं. तक्रार कधी नाही. "छान झालंय," म्हणायचे, चार घास खायचे, आणि ताटाला हात जोडायचे. तिने काय करून बघितलं नाही? ब्लॅकटाउनहून बोंबील आणले, सुके, इथल्या पाण्यात भिजवले. सोड्यांची खिचडी केली. बाबांनी हट्ट धरला म्हणून एकदा मोठा सॅमनही आणला, इथले लोक तो गळाला आमिष म्हणून लावतात, मासेवाल्याने "फॉर योर कॅट, लव्ह?" असं विचारलं होतं. तिने हळद-तिखट लावून तळला. बाबांनी दोन घास खाल्ले, विचार केला, आणि म्हणाले, "चांगला आहे. पण स्वभाव वेगळा आहे याचा." तिने त्यांच्या ताटाला गुण द्यायला सुरुवात कधी केली ते तिला आठवत नव्हतं. व्यवसायाची खोड, दुसरं काय. त्यांनी ताट सरकवलं की तिच्या डोक्यात आपोआप आकडा उमटायचा. चार. तीन. तीन. मेमध्ये एकदा पाच आला होता, त्या दिवशी नंदूंनी फोनवर गच्चीवरून समुद्र दाखवला होता. मागच्या आठवड्यात त्यांनी तिच्याकडे हातोडी आणि खिळा मागितला, आणि ती बघायला गेली तर ते पट्ट्याला नवीन भोक पाडत होते. डॉक्टर फोनवरून म्हणाली, रिपोर्ट्स सगळे नॉर्मल आहेत, इट्स प्रॉबेब्ली जस्ट द स्ट्रेस. सुमेधाला राग आला होता. कसला स्ट्रेस? लेकीच्या घरी आहेत ते.

साडेबाराला तिने वरण-भात आणि वालाचं बिरडं वाढलं. मोड आलेले वाल काल बाबांनीच सोलले होते, एकेक, टेबलावर पेपर पसरून, पोर्ट ट्रस्टचे नकाशे आखल्यासारखे. फोन तिने स्वयंपाकघरात आणलाच नव्हता. गॅरेजमध्येच टॉवेलखाली होता. पण त्याची जाणीव तिला पाठीत होत होती. मुंबईत रोज हजार-दीड हजार लोक आजारी पडत होते. हॉस्पिटलात खाटा नव्हत्या, हे तिने स्वतः वाचलं होतं, यतिनने दाखवलं होतं. शहात्तर वर्षांचा माणूस, चौदा तास विमानात, मग हॉटेलात कोंडून, मग तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटा. ताप आला तर? नंदू काय करणार, तेच सत्तरीचे. कुठलीही शहाणी मुलगी नाहीच म्हणेल. कारणं इतकी भरभक्कम होती की त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ती पुन्हा पुन्हा मोजावीशी वाटत होती. नुपूर खाली आली, फ्रिज उघडून उभी राहिली. "आजोबा, डू यू वॉन्ट अ टोस्टी? विथ चीज?" "नको गं राणी, पोट भरलं." "यू ऑल्वेज से दॅट," नुपूर म्हणाली आणि दूध पिऊन वर गेली. बाबांनी भाताचा उरलेला ढीग बोटाने नीट गोल केला, लहान मुलं वाळूचा करतात तसा. "बिरडं आईसारखं जमलंय," ते म्हणाले. दोन, सुमेधाच्या डोक्यात उमटलं. जेमतेम दोन.

दोन वाजता यतिनचा फोन आला, हॉस्पिटलच्या कार पार्कमधून. पाठीमागे कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा बीप. "सगळं ओके? मला आज लेट होईल, दोन जण सिक आहेत. काही नवीन?" ती गॅरेजच्या दारात उभी होती. आत बाबांचं डोकं तक्त्यावर वाकलेलं, मानेवरचे पांढरे केस मफलरच्या वर आलेले. "काही नाही," ती म्हणाली. "नेहमीचंच." फोन पुन्हा टॉवेलखाली ठेवल्यावर आपण एवढं सहज खोटं बोललो याचंच तिला नवल वाटलं. आत्तापर्यंत निदान एवढं तरी होतं की कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं गेलं आणि तिने उत्तर दिलं होतं. जूनचं, म्हणजे इथल्या हिवाळ्यातलं, ऊन तोवर कुंपणाच्या बाहेर सरकलं होतं आणि सिमेंटच्या जमिनीतून थंडी पायात चढायला लागली. तिने हीटर बाबांच्या पायाशी सरकवला. त्यांनी तो पुन्हा अर्ध्यावर, दोघांच्या मध्ये आणून ठेवला. हे दोघांचं गेले पंधरा दिवस चाललं होतं आणि दोघांपैकी कुणीच त्यावर बोलत नव्हतं. फक्त पाच वाजायला हवे होते. पाच वाजले की हा प्रश्न आपोआप मिटणार होता. कुणीच काही केलेलं नसणार, नुसती वेळ गेलेली असणार. नंतर कधीतरी सांगता आलं असतं, अरे, मेल स्पॅममध्ये गेला होता. लोकांचे जातात.

चार वाजता बाटली क्रमांक दोनशे अठ्ठ्याण्णव. तळहाताएवढं पिल्लू, पोट गच्च. सुमेधाने बशीत पसरलं आणि यंत्रासारखी बोलत गेली. "जवळा बावीस. उड्या चार. जवळा आणखी सात." मन दुसरीकडेच. बाबा लिहीत होते, मग त्यांनी पेन्सिल थांबवली. त्यांना आता बशीकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचीही सवय झाली होती. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि बशीवर वाकले. "हे सात वेगळे आहेत," ते म्हणाले.

"वेगळे कसे? जवळाच आहे की."

"जवळाच आहे गं. पण बघ ना, मिशा शाबूत. सालपटसुद्धा ढिलं झालेलं नाही. ते बावीस कसे मऊ पडलेत, विरघळायला आलेत. हे सात तर आत्ता बाजारातून आणल्यासारखे." त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "हे याने भुकेने खाल्लेलं नाही, सुमे. हे कसंतरी कोंबलंय."

तिने भिंगातून पाहिलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बावीस वर्षांचा अनुभव, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला शिकवतात ती चूक. "तुम्ही बरोबर आहात," ती म्हणाली. "हे धरायचं नसतं. जाळं ओढलं ना, की जवळा आणि पिल्लं सगळी एकाच पिशवीत येतात. दाटी होते. पिल्लं घाबरतात आणि समोर येईल ते तोंडात घेतात. घशाशी, पोटाच्या तोंडाशीच राहतं, पचतही नाही. म्हणून आपण ते सोडून देतो. ते यांचं खरं खाणं नाही. जाळ्यात खाल्लेलं आहे."

"म्हणजे पोटात असूनसुद्धा धरायचं नाही?"

"नाही. मोकळ्या पाण्यात असताना खाल्लं असतं तर धरलं असतं."

बाबांनी खोडरबर घेतलं आणि सातचा आकडा पुसला, कागदाला सुरकुती पडू न देता, जसं ते सगळं पुसायचे. रबराचा चुरा फुंकून टाकला. मग हसले, अगदी सहज, कुठलाही टोमणा नाही, तक्रार नाही. "मग माझंही इथलं जेवण तुझ्या तक्त्यात धरू नकोस," ते म्हणाले. "कमी खातो म्हणून उगाच जिवाला लावून घेतेस. दिसतं मला, ताट उचलताना तू काय बघतेस ते. तुझ्या हाताला चव नाही असं नाही गं. माणूस दाटीत असला की घशाखाली उतरत नाही, एवढंच. काढ पुढचा."

सुमेधाने पुढची बाटली घेतली. झाकण उघडेना. आपण काय धरून बसलो होतो, असं तिला वाटलं, आणि उत्तर इतकं समोर होतं की तिला ते आवडलं नाही. माहीमच्या मोरीतली ती हाक तिला हवी होती, रोज हवी होती, आणि ती मिळावी म्हणून या माणसाने आपल्या घरापासून सहा हजार मैलांवर एका थंड गॅरेजमध्ये उपाशी बसायचं होतं. मुंबईत त्यांना काही झालं असतं तर तिचा जीव गेला असता. पण इथे जे होत होतं तेही काहीतरी होतंच, आणि ते ती रोज तीन वेळा बघत होती, त्याला आकडे देत होती, आणि डॉक्टरने कारण सांगितलं तर तिच्यावर रागावत होती. तिने टॉवेल उचलला. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं. तिने मेल उघडला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "बाबा, हे वाचा," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. सावकाश, नियमावलीसकट, मास्क आणि हॉटेल आणि सामान किती किलो सगळं. वाचून झाल्यावर ते परत वर गेले आणि मेल आल्याची वेळ वाचली. तिने त्यांचं बोट तिथे थांबलेलं पाहिलं. "सकाळचा आहे," ते म्हणाले.

"हो."

तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजून घेतील. त्यांनी दोन्हींपैकी काही केलं नाही. "तिकडे फार वाईट चाललंय, बाबा," ती भराभर बोलायला लागली, "खाटा नाहीत, नंदूकाकांचं वय झालंय, तुम्हाला काही झालं तर मला येतासुद्धा येणार नाही, आईच्या वेळी निदान विमानं होती, आता मी इथून बाहेरसुद्धा पडू शकत नाही, तुम्हाला कळतंय ना?" आणि ती रडायला लागली, हातात बाटली तशीच.

"कळतंय," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि ट्रेमधल्या तिच्या भोकात नीट उभी केली. "मला पण भीती वाटतेच की. पण मी घाबरायचं ते माझ्या घरी. पाच वाजतील, सुमे. पाठव आधी."

तिने पाठवलं. हो, श्री. टिपणीस प्रवास करतील. बाण वर उडाला आणि पडद्यावरून नाहीसा झाला, पोच म्हणून दोन ओळींचं आपोआप येणारं उत्तरही आलं. बाबांनी तेही वाचून घेतलं. मग ते खुर्चीचा हात धरून उठले, शाल काढून तिची चौकोनी घडी घातली, मफलर काढला, आणि गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दारापाशी जाऊन थांबले. "काही आहे का गं खायला?" त्यांनी विचारलं.

घड्याळात पावणेपाच. ही काही जेवायची वेळ नव्हती. तिने दुपारचा भात वाफेवर गरम केला, वरण ऊन केलं, बिरडं ऊन केलं, तोवर ते टेबलाशी बाह्या सरसावून बसले होते. तिने नेहमीसारखं थोडं वाढलं. त्यांनी त्यात वरण ओतून घेतलं, लिंबू पिळलं, पाचही बोटांनी कालवलं आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मग ते बोलेनासे झाले. बिरड्याचा रस मनगटाकडे ओघळला तो त्यांनी जिभेने टिपला. आई असती तर ओरडली असती. "मिरची आहे?" तिने फ्रिजमधून हिरवी मिरची काढून दिली. त्यांनी ती मिठात बुडवून करकरून चावली, डोळ्यांत पाणी आलं, नाक ओढलं, आणि ताट पुढे केलं. तिने वाढलं. ते रविवारी मासे साफ करून, अंघोळ करून बसायचे तसे जेवत होते, कपाळावर घाम, कानाजवळची शीर हलतेय. एप्रिलपासून सुमेधाने हे एकदाही पाहिलं नव्हतं. तिला फार आनंद झाला. आणि त्याच्या मागोमाग, तितक्याच जोराने, हे काळीज चिरत गेलं, की बोंबलांनी झालं नाही, खिचडीने झालं नाही, तिच्या हातच्या इतक्या दिवसांच्या कुठल्याच जेवणाने झालं नाही, ते या मेलने झालं. शनिवारपर्यंत त्यांना रोज अशीच भूक लागणार होती.

"तू का उभी?" बाबा तोंडात घास ठेवूनच म्हणाले. "बस ना. तूही दुपारी नीट जेवली नाहीस."

"तुम्ही जेवा आधी."

वरून नुपूर आली, जिन्यातच थांबली, आजोबांकडे बघितलं, मग आईकडे. "इज ही ओके?" तिने दबक्या आवाजात विचारलं. सुमेधाने मान हलवली. बाबांनी ताट तिसऱ्यांदा पुढे केलं. तिने पातेलं तिरपं करून कडेचा सगळा भात खरवडला, तळाचा करपलेला पापुद्राही, आणि त्यांच्या ताटात घातला. तेवढ्याने भागणार नव्हतं हे दिसतच होतं. तिने तांदळाचा डबा उघडला आणि आणखी दोन वाट्या धुवायला घेतल्या.